नारळावर हात न ठेवणारे मास्तर

आमच्या मास्तरांसमोर 'आईशप्पथ' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं की शिकवणं थांबायचं, खडू टेबलावर ठेवला जायचा आणि त्या पोराला विचारलं जायचं, "शपथेशिवाय तू जे बोलतोस ते सगळं खोटं असतं का?" पोरगं गडबडून "नाय सर" म्हणायचं. "मग आईला मध्ये कशाला ओढतोस? होय तर होय म्हण, नाही तर नाही म्हण, आणि खाली बस." पोलादपूरच्या खोऱ्यातल्या पोरांच्या तोंडी दर तिसऱ्या वाक्याला आईची, देवीची किंवा गळ्याची शपथ असते. त्यामुळे ही अट म्हणजे आम्हाला मुकं करण्यासारखंच होतं. त्यांच्या तासाला अख्खा वर्ग गप्प असायचा आणि व्हरांड्यातून जाणारे हेडमास्तर समजायचे की पोरांना शिस्त लागली.

मास्तर ख्रिस्ती होते. नगरकडचे. ते आमच्या शाळेत बदलून येणार हे कळलं तेव्हा गावाला फार उत्सुकता होती, कारण ख्रिश्चन माणूस आमच्याकडे फक्त सिनेमात बघितलेला. तो कोट घालतो, गिटार वाजवतो, 'माय सन' म्हणतो आणि संध्याकाळी पितो, एवढी माहिती मुंबईकर मंडळींनी पक्की पुरवली होती. प्रत्यक्षात एसटीतून उतरला तो पायजमा-सदऱ्यातला, काळासावळा, भाकरी-ठेच्यावर जगणारा आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा माणूस. दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. गावाची घोर निराशा झाली. बरं, लग्नही केलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी निदान 'फादर' तरी म्हणून बघितलं. मास्तरांनी तेही चालू दिलं नाही. "आमच्या पंथात फादर नसतो, पाळक असतो, आणि पाळकाला बायको असते. मला दोन्ही नाही. मास्तर म्हणा." शेवटी लोकांनी मास्तरच म्हटलं, पण असा काय हा ख्रिश्चन, ही रुखरुख गावाला कायम राहिली.

विषयही असा की ज्याला कुत्रं विचारत नाही: नागरिकशास्त्र. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटीला बांधलेलं, मार्चमध्ये घाईघाईनं उरकायचं. मास्तर मात्र ते जूनपासून शिकवायचे आणि इतिहास शेवटी उरकायचे. वर्षातून एकदा आम्हाला एसटीनं महाडला न्यायचे, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसवायचे आणि म्हणायचे, "इथं माणसांना पाणी प्यायचं होतं. त्यासाठी आधी नागरिक व्हावं लागलं. तुम्हाला फुकट मिळालंय म्हणून तुम्ही झोपता." आम्ही माना डोलवायचो आणि परत येताना स्टँडवर वडापाव मिळणार का याची चर्चा करायचो. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याची चिकाटी त्यांच्याइतकी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्यांच्या देशप्रेमाविषयी गावाला संशय आला तो एका पंधरा ऑगस्टला. आमच्याकडे झेंडावंदन म्हणजे आधी ध्वजस्तंभाची पूजा. बुंध्याशी रांगोळी, हळदकुंकू, हार, आणि मानाच्या माणसानं फोडायचा नारळ. त्या वर्षी गावकीचे प्रमुख बाळारामकाका पाहुणे होते. त्यांनी मोठ्या मनानं नारळ मास्तरांच्या हातात दिला. "आज तुम्ही फोडा मास्तर." मास्तरांनी नारळ दोन्ही हातांनी नीट घेतला आणि तितक्याच नीट परत दिला. "झेंड्याला सलाम करीन. देशानं जीव मागितला तर देईन. पूजा करणार नाही. पूजेचं माझं एकाशी ठरलेलं आहे."

झालं. देशानं जीव मागितला नव्हता, नारळ मागितला होता, आणि तोच मास्तर देत नव्हते. चहाच्या टपरीवर निकाल लागला की माणूस चांगला हाय, पण देशाचा नाय. निकाल देणारे सगळे देशभक्त बुंदीचे पुडे घेऊन दहाच्या आत घरी गेले होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा असतो हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मास्तर दिवसभर शाळेच्या पायरीवर बसून राहिले, पावसाची सर आली तेव्हाही हलले नाहीत, आणि संध्याकाळी झेंडा उतरवून, घडी घालून, कपाटात ठेवून मगच खोलीवर गेले. ते पुढं दरवर्षी हेच करत. पण ते कुणी बघायला थांबत नव्हतं, त्यामुळे देशभक्तीत धरलं जात नव्हतं.

दर रविवारी ते महाडला जायचे. एमआयडीसीत नोकरीला असलेली तीन-चार ख्रिस्ती कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमत, तिथं प्रार्थना व्हायची. मी नंतर पोलादपुरात खत-बियाण्यांचं दुकान काढलं तेव्हा रविवारी परत येताना ते माझ्याकडे चहाला थांबत. एकदा मी विचारलं, "आज काय मागितलंत देवाकडे?" म्हणाले, "नेहमीचंच. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी आणि सरकारसाठी."

"सरकारसाठी? तुम्ही तर त्यांना मत दिलं नसणार."

"मत कुणाला दिलं ते सांगणार नाही. पण ज्याला दिलं नाही त्याच्यासाठी प्रार्थना जास्त करावी लागते. ज्याला दिलं त्याच्यावर निदान हक्कानं रागावता तरी येतं."

मी त्या वेळी पक्षाचा तालुका चिटणीस होतो. आमच्याकडे विरोधकांसाठी काय काय मागितलं जातं ते आठवलं आणि मी त्यांच्या चहात साखर घातली.

निवृत्त झाल्यावर माणूस आपल्या गावी जातो. मास्तरांनी आमच्याच गावात दोन खोल्या बांधल्या. नगरला एक पुतण्या होता, त्याच्याकडे का नाही जात, असं सगळ्यांनी विचारून झालं. "तिकडं माझं कोण आहे? इथं निदान रस्त्यात चार जण सर म्हणतात," हे त्यांचं उत्तर. मग त्यांनी गावाकडे आयुष्यातली एकमेव गोष्ट मागितली. नदीच्या वळणावर गावठाणाचा एक पडीक तुकडा आहे, बाभळी आणि करवंदीच्या जाळ्या, बाकी काही नाही. त्यात आपल्यापुरती जागा द्यावी. घरासाठी नव्हे. पुरण्यासाठी. स्वतःच्या परसात तसं करता येत नाही, ग्रामपंचायतीची परवानगी लागते, हेही त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं, अगदी धडा शिकवावा तसं. "माझ्यात जाळत नाहीत रे. आणि एवढी वर्षं ज्या मातीत काढली ती सोडून कुठं जाऊन पडू?"

बाळारामकाकांनी लगेच शब्द दिला. "देऊ की मास्तर. पडीकच तर हाय. फक्त तेवढं गावकीत या."

हे 'गावकीत या' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या गावात लोकशाही इतकी मुरलेली होती की मतदानाची गरज कधी पडली नव्हती. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की सोमजाईच्या देवळापुढं सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर, बैठक भरायची. मुंबईकर मंडळाचे पुढारी गाडी करून यायचे. सरपंच कोण ते तिथं ठरायचं, आणि मग दर घरातला एक पुरुष पुढं येऊन देवीसमोरच्या नारळावर हात ठेवायचा: आमच्या घरातून कुणी अर्ज भरणार नाही, गावकीच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही. झाली निवडणूक बिनविरोध. पेपरात बातमी, 'गावानं घालून दिला आदर्श'. सरपंच कित्येक वर्षं बाळारामकाकाच. गाव करी ते राव न करी म्हणतात. आमच्याकडे गाव आणि राव एकच होते, त्यामुळे सोय होती.

आता मास्तरांचंही गावात घर झालं होतं, म्हणजे त्यांचाही हात नारळावर लागणार. त्या वर्षी पुन्हा निवडणूक लागली. मी त्या बैठकीला होतो. मास्तर सहाणेच्या पायरीशी उभे राहिले, चप्पल काढून, कारण देऊळ कुणाचंही असो, ते चप्पल काढत. बाळारामकाका प्रेमानं म्हणाले, "या मास्तर. हात ठेवा, नदीकडची जागा तुमची."

"बाळाराम, मी शपथ घेत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या देवीचीच असं नाही, माझ्या देवाचीही नाही. आमच्या प्रभूनं तशी मनाई केलीय."

"मग नुसता शब्द द्या."

"कसला शब्द? मत कुणाला देणार याचा? ते गुप्त असतं. मी तीस वर्षं हेच शिकवलं. तुझ्या पोरालाही शिकवलं."

"त्याला नापासच केलंत तुम्ही!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते बोरिवलीहून आले होते आणि त्यांना परत जायचं होतं. त्यांनी गॉगल डोक्यावर सरकवून खणखणीत विचारलं, "मास्तर, एक क्लिअर करा. तुमच्यात देश पहिला की देव पहिला?"

सगळी सहाण ऐकायला लागली. मास्तरांनी उलट त्यांनाच विचारलं, "तुमच्यात?"

"आमच्यात दोन्ही एकच हाय."

"मग तुमचं बरं आहे. भांडण होत नाही. माझ्यात देव पहिला आणि देश त्याच्या खालोखाल, आणि दोघांचं माझ्या आत रोज भांडण होतं. ते मिटवता मिटवता म्हातारा झालो." एवढं बोलून ते चप्पल घालून निघाले. मागं बाळारामकाका ओरडले, "अवो जागेचं काय?" मास्तर थांबले, वळले, म्हणाले, "जागा हवीच आहे रे. फार हवी आहे." आणि गेले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. 

सोमजाई कोपेल म्हणून गाव दोन दिवस वाट बघत होतं. काही झालं नाही. नारळाला हात न लावता माणूस घरी जातो, जेवतो, दुसऱ्या दिवशी रेशन आणायला बाहेर पडतो, हे खालच्या कोंडावरच्या, म्हणजे उताराखालच्या वाडीतल्या, रंजनानं बघितलं. रंजना मास्तरांचीच विद्यार्थिनी, माझ्या मागच्या वर्गातली. नवरा मुंबईत, ती इथं म्हशी सांभाळते. खालच्या कोंडाला नळाचं पाणी चढत नाही ही तिची जुनी तक्रार. ते उतारावर असून चढत नाही, हा बाळारामकाकांच्या कारकिर्दीतला चमत्कार. रंजनानं सरळ जाऊन सरपंचपदाचा अर्ज भरला. तिच्या सासऱ्यानं घरातून कुणी उभं राहणार नाही म्हणून शपथ घेतलेली होती. सून 'कुणी'मध्ये धरायची असते हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. बायका सहाणेवर चढत नाहीत, त्यामुळे तिला शपथ घालायलाही गावकी विसरली होती.

मग आमच्या गावात ग्रामपंचायतीसाठी पहिल्यांदा मतदान झालं. सगळ्या घरांनी नारळावर हात ठेवलेले, सगळ्यांनी बाळारामकाकांच्या जेवणावर ताव मारलेला, आणि मोजणी झाली तर रंजना भरघोस मतांनी निवडून आली. घरोघरच्या शपथा त्या यंत्राच्या आडोशाला, एका बोटानं, बिनआवाज मोडल्या होत्या.

आता देवीची शपथ मोडणं म्हणजे केवढं पाप! दोषी शोधणं भागच होतं. संध्याकाळपर्यंत गावानं तो शोधूनही काढला. ज्यानं शपथ घेतलीच नव्हती तो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. ती अशी डोळ्यांदेखत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. "मास्तरानं गावाचा शब्द फोडला रे." "बाहेरचा माणूस, त्याला गाव काय नि देश काय." हे बोलणाऱ्यांत रंजनाला मत देणारे किती होते ते तिला पडलेल्या मतांवरून कुणालाही कळत होतं. पण गुप्त ते गुप्त.

रंजना सरपंच झाल्यावर पहिल्याच ग्रामसभेत मास्तरांनी जागेचा विषय मांडला. मी आधीच समजावलं होतं की थांबा, वर्षभर जाऊ दे, हात दाखवून अवलक्षण कशाला. म्हणाले, "माझं वय विचार आणि मग थांब म्हण." रंजनानं ठराव वाचला, म्हणाली, "ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा." आणि इथं आडोसा नव्हता. बाळारामकाका समोर खुर्चीवर बसून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. ज्यांनी बंद खोलीत क्रांती केली होती त्यांच्या हातांना एकाएकी लकवा भरला. कुणी कान खाजवला, कुणी मोबाईल काढला. हात वर गेले ते रंजनाचा, माझा आणि एका ठार बहिऱ्या आजोबांचा, ज्यांना वाटलं हजेरी चाललीय. माझ्या हातात शौर्य नव्हतं. माझं नाव गावच्या यादीत असलं तरी मी राहतो पोलादपुरात, गावकीनं माझं काय वाकडं करायचं? विरोधात हात मागितले तेव्हा मात्र शेतात भाताची रोपं उभी राहावीत तसे हात उभे राहिले.

मास्तर उठले. मला वाटलं आता तरी चिडतील. ते सभेला म्हणाले, "रीतसर झालं. ठराव नामंजूर. सगळे आलात याबद्दल आभारी आहे." हा माणूस स्वतःच्या मातीला नकार मिळाल्यावर गणपूर्तीबद्दल आभार मानत होता!

रंजना त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेली, मीही गेलो. ती रडकुंडीला आली होती. "सर, मी तहसीलदारांकडं जाते. कायद्यानं जागा द्यावीच लागंल त्यांना. ही लोकं कोण नाय म्हणणारी?"

"ही लोकं म्हणजे गाव. तुला सरपंच करणारीही हीच."

"पण चुकलीत ना ती!"

"चुकलीत. चुकायचाही त्यांना हक्क आहे. तो मीच शिकवला." मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "वाईट वाटलं गो. नाही कसं वाटणार? देवाला सांगितलं मी, तुझं राज्य बरं, तिथं मतदान नाही." आणि स्वतःच हसले. रंजना हसली नाही. मला त्यांचा राग आला होता, आजही येतो. हट्टाला तत्त्व म्हणायची काही माणसांना खोड असते आणि त्याची किंमत त्यांच्यावर माया करणाऱ्यांना मोजावी लागते.

पुढच्या श्रावणात मास्तर गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. बातमी कळली आणि त्या गावानं, ज्यानं नाही म्हणून हात उभे केले होते, चुली पेटवल्या नाहीत. बाळारामकाका सगळ्यांत आधी येऊन अंगणात बसले. पुतण्या नगरहून पोचला तोवर दुपार झाली. बाळारामकाका त्याला म्हणाले, "नदीकडं खड्डा खणायला माणसं लावतो. आता कोण नाय बोलतो बघू."

पुतण्या गरीब माणूस. हात जोडून म्हणाला, "काकांनी मला फोनवर बजावून ठेवलंय. गावानं ठरावानं नाही म्हटलंय, ठरावानं हो म्हटल्याशिवाय तिथं ठेवू नको." ग्रामसभा बोलवायची तर सात दिवस आधी नोटीस. हा नियमही मास्तरांनीच शिकवलेला. मेलेलं माणूस सात दिवस थांबत नाही. बाळारामकाका डोक्याला हात लावून म्हणाले, "मेल्यावर पण ऐकत नाय हा माणूस," आणि मोठ्यानं रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होतो.

गाडी निघाली तेव्हा सगळं गाव रस्त्याला उभं होतं. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. ज्या माणसाला आम्ही बाहेरचा म्हणत होतो त्याला आम्ही खरोखरच बाहेर पाठवलं. घाट चढून, जिथं त्याला सर म्हणणारं कुणी नाही अशा मुलखात.

तिसऱ्या दिवशी चौकात बोर्ड लागला. 'भूमिपुत्र, थोर देशभक्त, आदर्श शिक्षक' आणि खाली शुभेच्छुक असल्यासारखे सगळ्यांचे फोटो, मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांचा गॉगलसकट. भूमी न देता भूमिपुत्र करायची ही युक्ती आमच्या गावाचीच. पुढच्या ग्रामसभेत नदीच्या वळणावरची जागा ख्रिस्ती दफनभूमी म्हणून देण्याचा ठराव आला आणि एकमतानं मंजूर झाला. ठराव मांडला बाळारामकाकांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. आमचं घोडं तर सजवून, वाजतगाजत आलं. करवंदीच्या जाळ्या तोडल्या, तारेचं कुंपण झालं, पाटी लागली. रंजनानं खालच्या कोंडाचा नळ टाकताना एक फाटा तिकडेही दिला.

गावात ख्रिस्ती माणूस एकही नाही. होता तो गेला.

मी महिन्यातून एकदा दुकान बंद करून तिकडे जातो, उगाच. मागच्या वेळी गेलो तेव्हा कुंपणाची तार एका ठिकाणी वाकली होती आणि कुणाची तरी गुरं आत शिरून चरत होती. बाळारामकाका, आता काठी घेतल्याशिवाय चालत नाहीत, बांधावरून धापा टाकत आले आणि रिकाम्या गवतातून गुरं हाकलायला लागले. "हट! हट बाहेर! मास्तर झोपलेत तिथं."

मी पुढं होऊन राहिलेली गुरं बाहेर काढली. दोघांनी मिळून तार सरळ केली.